पदवीनंतर : मुदत ठरवा, मग गाव सोडा

जून महिना आला की शेतकऱ्याच्या घरात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची आणि दुसरी निकालाची. पाऊस पडला की काय करायचे ते कुणाला सांगावे लागत नाही. वाफसा आला की सारे घर पेरणीला लागते. निकाल लागला आणि पदवी हाती आली, की मात्र घराची गाडी जागच्या जागी थबकते. मुलगा म्हणतो, पुण्याला जाऊन परीक्षांचा अभ्यास करतो. आई म्हणते, जाऊ द्या त्याला. वडील काहीच बोलत नाहीत. ते मनात हिशेब करीत असतात. धाकटीचे शिक्षण व्हायचे असते, विहिरीचे काम अर्धे राहिलेले असते, सोसायटीचे कर्ज नवे-जुने करायचे असते. पण आनंदाच्या दिवशी या गोष्टी काढायच्या कशा, म्हणून ते गप्प बसतात.

मुलगा जातो. दर महिन्याला घरून पैसे जात राहतात. एक वर्ष जाते, दोन जातात, चार जातात. मग असा दिवस येतो की घरात कुणी कुणाला विचारायलाच धजत नाही, की बाबा रे, आता पुढे काय?

वाचकहो, आज या सदरात त्याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे. परीक्षा देऊ नका असे मी सांगणार नाही. गरीब घरातली मुले याच परीक्षांतून तहसीलदार झाली, फौजदार झाली, आणि त्यांच्या घराचे दिवस पालटले. सांगायचे ते एवढेच की घर सोडण्याच्या आधी मुदत ठरवा, खर्च ठरवा आणि दुसरी वाट ठरवा. या तीन गोष्टी निघण्याआधी ठरवल्या तर सोप्या जातात. चार वर्षांनी ठरवायला बसले की घरात भांडणे होतात.

आकडे काय सांगतात

बी पेरण्यापूर्वी आपण उगवणशक्ती तपासतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. परीक्षांचेही तसेच मोजून पाहू.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ सालच्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० उमेदवारांनी अर्ज केले. प्रत्यक्ष पूर्व परीक्षेला बसले ५,९२,१४१. त्यातून मुख्य परीक्षेपर्यंत पोचले १४,६२४, मुलाखतीपर्यंत २,८५५, आणि शेवटी निवड झाली १,०१६ जणांची. म्हणजे अर्ज करणाऱ्या हजारात एक. आपल्या राज्यात २०२३ साली तलाठी भरती झाली, तेव्हा साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. तेथेही दोनशेच्या वर माणसांमागे एक जागा पडली.

हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. अर्ज करणारे सगळेच अभ्यास करीत नाहीत, हे खरे आहे. नेटाने अभ्यास करणाऱ्याची संधी त्याहून चांगली असते. पण कितीही नेटाने अभ्यास केला तरी जागा आहेत तेवढ्याच आहेत. अगदी थोड्या गुणांनी चांगली चांगली मुले मागे राहतात. त्यात त्यांचा आळस नसतो की आईबापांचे पाप नसते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट आधीच समजून घेतली, तर पुढे मुलाला टोचून बोलण्याची पाळी येत नाही.

वयाचीही गोष्ट पाहा. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या गटातील उमेदवाराला ३२ वर्षांपर्यंत सहा वेळा बसता येते. इतर मागासवर्गाला ३५ वर्षांपर्यंत नऊ वेळा, तर अनुसूचित जाती-जमातींना ३७ वर्षांपर्यंत बसता येते. राज्य आयोगाच्या बहुतेक पदांना खुल्या गटासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षांची मर्यादा आहे. कायद्याने दार उघडे ठेवले आहे ते चांगलेच. पण ३८ पर्यंत बसता येते म्हणून ३८ पर्यंत बसायचेच असे नसते. सरकारने घातलेली मर्यादा वेगळी आणि आपल्या घराला झेपेल ती वेगळी.

घरचा हिशेब मांडा

समजा शहरात खोली, खाणावळ, अभ्यासिका, पुस्तके आणि जाणे-येणे धरून महिन्याला दहा हजार रुपये लागतात. कुणाला कमी लागतील, कुणाला जास्त, आणि क्लासची फी वेगळीच. तरी दहा हजार धरू. वर्षाचे झाले एक लाख वीस हजार.

आता हे आपल्या मापात मोजू. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाने एक लाख वीस हजार म्हणजे साडेचोवीस क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटल उतारा धरला, तर तीन एकरांहून थोड्या अधिक रानाचे सगळे पीक झाले. त्यातून बियाणे, खत, फवारणी, मजुरी आणि मळणी काहीच वजा केलेले नाही. आणि हमीभाव बाजारात प्रत्येकाच्या पदरात पडतोच असे नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

हा हिशेब मुलाला ऐकवून लाजवण्यासाठी करू नका. त्याच्यासोबत बसून करा. त्याच्याच हातात वही-पेन द्या. ज्या मुलाने आपल्या एका वर्षाची किंमत क्विंटलमध्ये मोजून पाहिली, त्याला अभ्यासाला बस म्हणून सांगावे लागत नाही. आणि ज्या बापाने हा हिशेब मुलापुढे उघडा केला, त्याला पुढे सावकाराचे दार चोरून ठोठवावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की ठरवा. परीक्षेच्या तयारीसाठी जमीन विकायची नाही, गहाण ठेवायची नाही आणि खासगी व्याजाने पैसे उचलायचे नाहीत. मुलाला नोकरी लागली तर पैसे फिटतील हे खरे. पण नाही लागली, तर हातची जमीन गेलेली असेल आणि मुलगा परत येईल तो भूमिहीन होऊन.

चार ओळींचा कागद

निघण्याआधी एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एका कागदावर चार ओळी लिहा.

पहिली ओळ मुदतीची. किती वर्षे, आणि कोणत्या महिन्यापर्यंत. माझ्या मते दोन वर्षे पुरेशी आहेत. तेवढ्यात मोठ्या परीक्षेच्या दोन फेऱ्या मिळतात.

दुसरी ओळ पैशाची. महिन्याला किती, कोणत्या उत्पन्नातून, आणि पीक बुडाले तर किती. दुष्काळी वर्षाचा आकडा आधीच लिहून ठेवावा.

तिसरी ओळ परीक्षांची. मुख्य परीक्षा कोणती आणि तिच्याबरोबर कोणत्या दोन-तीन द्यायच्या.

चौथी ओळ नंतरची. मुदत संपली आणि निवड झाली नाही, तर कोणत्या कामाला लागायचे.

मुदत पाळताना थोडे तारतम्य ठेवा. दुसऱ्या फेरीतही पूर्व परीक्षाच पुष्कळ गुणांनी हुकली असेल, तर तिथेच थांबावे. मुख्य परीक्षा पार करून मुलाखतीपर्यंत जाऊन काही गुणांनी राहिला असेल, तर आणखी एक वर्ष द्यायला हरकत नाही. मात्र ते वर्षही कागदावर लिहून, आणि शक्य तर काही कमाई करीत.

मुलीच्या बाबतीत हा कागद अधिक गरजेचा आहे. पुष्कळ घरांत मुलाला चार वर्षे मिळतात आणि मुलीला सांगतात, यंदा लागली तर ठीक, नाहीतर स्थळ पाहू. तिच्या मानेवर हे ओझे ठेवून तिने कसा अभ्यास करावा? राज्य सरकारच्या भरतीत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. जी मुदत भावाला तीच बहिणीला, हे कागदावर लिहा. आईने त्यावर आठवणीने सही करावी. ती सही पुढे मुलीच्या कामी येते.

आणि मुलांनो, मुदत संपून परत येणे म्हणजे हरणे नव्हे. पहिली पेरणी पावसाने दगा देऊन गेली, तर तुमचे वडील रान पडीक ठेवतात का? हंगाम उरला असेल तर दुबार पेरतात, नसेल तर रब्बीची तयारी करतात. गावातले लोक चार दिवस बोलतील आणि मग आपल्या कामाला लागतील. लोकांच्या तोंडाला भिऊन शहरात खोली धरून राहिलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांचा अभ्यास केव्हाच संपलेला असतो. घरी जायची हिंमत तेवढी होत नसते.

एकच पीक घेऊ नका

तुरीच्या ओळींत आपण मूग-उडीद घेतो. मोठे पीक हाती यायला वेळ लागतो, तोवर लहान पीक घर चालवते. परीक्षांचेही असेच करता येते.

अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढी तयारी पक्की असेल, तर ती अनेक ठिकाणी उपयोगी पडते. बँकांच्या लिपिक पदांची भरती, ग्रामीण बँकांची भरती, कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा, जिल्हा परिषदेची भरती, कृषी खात्याची भरती या सगळ्यांत हेच विषय कमी-जास्त प्रमाणात येतात. केंद्राच्या काही परीक्षा आता मराठीतूनही देता येतात. सरकारी बँकांच्या लिपिक पदांची परीक्षा हिंदी-इंग्रजीखेरीज १३ प्रादेशिक भाषांत घ्यावी, असे २०२१ साली ठरले आणि त्यांत मराठी आहे. ग्रामीण बँकांत तर स्थानिक भाषा येणे हीच मोठी जमेची बाजू आहे. १ मे २०२५ पासून राज्यातल्या दोन ग्रामीण बँका एक होऊन सगळ्या राज्याची मिळून एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आहे. जाहिरात पाहताना हे ध्यानात ठेवा.

राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांनी एक बदल नीट समजून घ्यावा. २०२५ च्या परीक्षेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे उत्तरे सविस्तर लिहायची आहेत. चार पर्यायांतला एक निवडून आता भागत नाही. गावातल्या थोरल्या मुलाने दिलेली जुनी पुस्तके आणि जुनी पद्धत यावर विसंबू नका. लिहिण्याचा सराव रोज हवा, आणि लिहिलेले कुणाकडून तरी तपासून घ्यायला हवे.

शिकाऊ उमेदवारी हे नाव ऐकून नाक मुरडू नका

शिकाऊ उमेदवार म्हटले की आपल्याला आयटीआयचा मुलगा आठवतो. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ सालचा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक आले. २०१४ च्या दुरुस्तीने बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही दार उघडले. कारखाने, बँका, सहकारी संस्था, सरकारी कंपन्या येथे ठरावीक काळ काम शिकायचे आणि त्या काळात विद्यावेतन घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते. अर्ज करताना त्या वर्षीचा दर पाहून घ्यावा.

नऊ हजारांत शहरात राहणे अवघड आहे, हे मान्य. म्हणून जवळच्या औद्योगिक वसाहतीत, साखर कारखान्यात, दूध संघात, तालुक्याच्या बँकेत जागा आहे का ते आधी पाहा. येथे पैशापेक्षा अनुभवाचे मोल आहे. पदवी झाल्यावर चार वर्षे काय केले, असे मुलाखतीत विचारतात तेव्हा "तयारी करीत होतो" या उत्तरापेक्षा "अमुक ठिकाणी एक वर्ष हिशेबाचे काम केले" हे उत्तर अधिक वजनदार ठरते.

पूर्वी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातले की कार्ड मिळायचे आणि घरी कॉल यायचा. ते दिवस गेले. त्या कचेरीचे नाव आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असे आहे. महास्वयम् या सरकारी संकेतस्थळावर मोबाइलवरून नोंदणी करता येते. रोजगार मेळाव्यांची माहितीही तिथेच मिळते. या नोंदणीला आणि मेळाव्याला पैसे पडत नाहीत. कुणी मागितले, तर तो सरकारी माणूस नाही असे समजा.

गावाजवळची कामे

"उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण आता लोक उलटी म्हणतात. मुलाने शेतीत राहावे की नाही, हा वाद मी आज काढत नाही. पण शेतीच्या भोवती जी कामे उभी राहिली आहेत, त्यांना शिकलेली माणसे लागतात, आणि ती माणसे गावात राहायला तयार असावी लागतात. शहरातला पदवीधर तिथे येत नाही. तुमच्या मुलामुलींसाठी ही मोकळी जागा आहे.

कृषी पदवीधरांसाठी कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्र अशी केंद्राची योजना २००२ पासून आहे. हैदराबादची 'मॅनेज' ही संस्था तिचे प्रशिक्षण पाहते. पंचेचाळीस दिवसांचे मोफत प्रशिक्षण घेऊन माती परीक्षण, रोपवाटिका, औजारे भाड्याने देणे, पशुखाद्य असा व्यवसाय बँकेच्या कर्जावर उभा करता येतो. नियमांत अनुदान ३६ टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४४ टक्के ठेवलेले आहे. कर्जाचा विचार करण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम बँकेत जाऊन स्वतः विचारा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चारही कृषी विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या मुलांनी ही वाट निदान एकदा पाहून घ्यावी.

दुसरे काम शेतकरी उत्पादक कंपन्यांचे. देशात अशा दहा हजार संस्था उभ्या करण्याची योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात प्रत्येक संस्थेला तीन वर्षांत अठरा लाख रुपयांपर्यंत मदत ठरवली होती, आणि त्यात व्यवस्थापक व हिशेबनीस यांचा पगारही धरला होता. दिंडोरी तालुक्यात मोहाडी येथे सह्याद्री फार्म्सचे काम पाहिले, म्हणजे शेतकऱ्यांची कंपनी केवढी होऊ शकते ते कळते. सगळ्याच तेवढ्या मोठ्या नाहीत. कितीतरी कंपन्या दोन खोल्यांतून चालतात, आणि हिशेब वेळेवर न लिहिल्यामुळे, कागद वेळेवर न भरल्यामुळे अडून बसतात. तालुक्यातला बी.कॉम. झालेला मुलगा तिथे खरोखर हवा आहे. अशा कंपनीत जाण्यापूर्वी मात्र तिचा ताळेबंद, सभासदांची संख्या आणि आधीच्या माणसाचा पगार वेळेवर झाला की नाही, हे विचारायला लाजू नका.

तिसरी वाट ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांची. लोक तिला 'आरसेटी' म्हणतात. कर्नाटकात धर्मस्थळाजवळ उजिरे येथे १९८२ साली दोन बँका आणि एका धर्मादाय संस्थेने अशी पहिली संस्था काढली. त्या नमुन्यावर पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांनी संस्था चालवल्या. शेळीपालन, कुक्कुटपालन, शिवणकाम, मोबाइल आणि पंप दुरुस्ती, संगणक असे वर्ग असतात. राहणे-जेवण आणि शिकवणे मोफत असते. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत चौकशी केली की पत्ता मिळतो.

आणि ज्यांना घरची शेती सोडायचीच नाही, त्यांनी ग्रामीण डाक सेवकाची जाहिरात पाहावी. तिला परीक्षा नाही, मुलाखत नाही, दहावीच्या गुणांवर निवड होते. काम दिवसाचे चार-पाच तासांचे आहे. पगार मोठा नाही, पण दर महिन्याला ठरलेला येतो. बाकीचा वेळ रानाला किंवा अभ्यासाला मिळतो.

अर्ज तुमचा, खाते तुमचे

आता अर्जाच्या काही बारीक गोष्टी. दिसायला लहान, पण यांपायी वर्ष वाया जाते.

अर्ज भरायला सेवा केंद्रात गेलात, तर मोबाइल क्रमांक आणि ई-मेल तुमचाच द्या. पुष्कळ मुले केंद्रचालकाचा देतात. मग प्रवेशपत्र त्याच्याकडे येते आणि तो कळवायला विसरतो. पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवा.

दहावीचे प्रमाणपत्र, आधार, बँकेचे पुस्तक आणि पदवी या सगळ्यांवर तुमचे नाव एकसारखे आहे का पाहा. कुठे वडिलांचे नाव मधे आहे, कुठे नाही, कुठे आडनावाचे स्पेलिंग वेगळे आहे, असे असेल तर ते आजच दुरुस्तीला द्या. निवड झाल्यावर कागद तपासणीच्या वेळी धावपळ करण्यात अर्थ नाही. जातीचे प्रमाणपत्र, वैधता, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास यांचेही तसेच. ज्यावर मुदत छापलेली आहे, ती संपण्याच्या आधी नवे काढा.

खासगी नोकरीच्या अर्जासोबत जी माहिती देता, ती एका पानाची असू द्या. आणि घरची शेती लपवू नका. पुष्कळ मुले अनुभवाच्या रकान्यात "नाही" असे लिहितात. अहो, नाही कसे? "घरच्या चार एकरांचा जमाखर्च तीन वर्षे लिहिला. रोजच्या दुधाची नोंद ठेवून संघाच्या बिलाशी ताडून पाहिली. ठिबकची जोडणी आणि दुरुस्ती येते." असे लिहिले, तर वाचणाऱ्याला कळते की हा मुलगा जबाबदारी घेणारा आहे. जे खरोखर केले तेवढेच लिहा, म्हणजे मुलाखतीत उलटा प्रश्न आला तरी उत्तर देता येईल.

पैसे देऊन नोकरी मिळत नाही

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ही घरातल्या वडीलधाऱ्यांनी मोठ्याने वाचावी.

"रेल्वेत साहेब ओळखीचा आहे, इतके लाख द्या, ऑर्डर हातात देतो" असे म्हणणारा माणूस बहुतेक ओळखीतलाच निघतो. पाहुण्यांचा पाहुणा असतो. शिक्क्याची ऑर्डर दाखवतो, कधी प्रशिक्षणालासुद्धा नेतो. सरकारी भरतीत असा मधला माणूस नसतो. जाहिरात सरकारी संकेतस्थळावर येते, फी तिथेच भरायची असते आणि निकालही तिथेच लागतो. याखेरीज कुणाच्याही हातात किंवा खात्यात एक रुपयाही देऊ नका. पेपर आधी मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. केंद्राच्या परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध २०२४ साली कायदा झाला असून, टोळी करून असे करणाऱ्यांना दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड आहे. अशा माणसाच्या वहीत तुमच्या मुलाचे नाव सापडले, तर नोकरी बाजूलाच राहते आणि चौकशी मागे लागते.

परदेशातल्या नोकरीचेही तसेच. अलीकडच्या वर्षांत संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवून भारतातील तरुणांना कंबोडिया, म्यानमार अशा देशांत नेले, आणि तिथे डांबून ठेवून लोकांना फसवण्याचे काम त्यांच्याकडून करून घेतले. १९८३ च्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. ती यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. त्याची सेवा फी नियमाने ३०,००० रुपये आणि त्यावरील कर यांहून जास्त असता कामा नये. पर्यटक व्हिसावर नोकरीला नेतो असे कुणी म्हणाला, तर तिथेच उठावे. ऑनलाइन पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा. लाजेखातर दोन दिवस गप्प राहिलात, तर पैसे हाती लागणे कठीण.

तर मंडळी, येत्या रविवारी जेवणे झाली की घरात बसा. टीव्ही बंद ठेवा. मुलगा असो, मुलगी असो, तिला किंवा त्याला आधी बोलू द्या. मग हिशेब मांडा, चार ओळी लिहा, खाली सगळ्यांनी सह्या करा आणि तो कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. दर सहा महिन्यांनी काढून वाचा. एवढे केलेत, तर मुलगा अधिकारी होऊन आला काय किंवा दुसऱ्या कामाला लागला काय, घर आणि रान जागेवर राहील, आणि बाप-लेकात अबोला राहणार नाही.

पुढच्या लेखात मुलाखतीला जाताना काय बोलावे आणि काय बोलू नये, ते पाहू.